वर पियानोचं लेबल, आत टेक्नो: १५,३५० रुपयांना मला असं फसवलं

कीबोर्डात नवे आवाज भरणारं, १५,३५० रुपये मोजून घेतलेलं एक ‘एक्सपान्शन’ कार्ड माझ्या कपाटात पडून आहे. त्यावर लेबल आहे ‘एसआर-जेव्ही८०-०३ पियानो’. कीबोर्डात बसवलं की त्यातून टेक्नोचे, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे, आवाज येतात. ज्याने ते विकलं तो स्वतःला वादक म्हणवतो, आणि त्याचा धंदा अजून चालू आहे. ज्यांच्याकडे रोलँड कंपनीची जुनी एक्सपी किंवा जेव्ही वाद्यं आहेत आणि जे पियानोचं कार्ड शोधतायत, त्यांनी पैसे पाठवायच्या आधी हे वाचावं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार दिलेली आहे आणि वकील मित्राने तसं बजावलंय.

‘एवढ्या जुन्या कार्डाला एवढे पैसे दिलेसच कशाला?’ असं मला घरातल्यांपासून ते पोलिसांपर्यंत सगळ्यांनी विचारलं. माझा कीबोर्ड एक्सपी-६० आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत एक्सपी-५०, ६०, ८० यांच्यावर किती जणांची पोटं चालली हे स्टेजवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यातला मूळचा पियानो टोकदार आहे. ढोलकी, ऑक्टोपॅड, बेस असं सगळं एकदम वाजत असताना तो बरोबर वर येतो, साऊंडवाल्यालाही त्रास होत नाही. पण कोजागिरीच्या आमच्या कार्यक्रमात जुनी हिंदी पियानोची गाणी होती. सुरुवातीला नुसता पियानो, मागे काही नाही. तिथे तो आवाज उघडा पडतो. एक्सपी-६० मध्ये कार्डाच्या चार जागा आहेत आणि माझ्या चारही रिकाम्या होत्या.

कार्ड घेण्याआधी मी बऱ्याच वादकांना विचारलं होतं, डोळे झाकून उडी मारलेली नाही. आमच्याकडचे एक ज्येष्ठ वादक म्हणाले, ‘०३ घे. एकट्याने वाजवायला गोल आवाज आहे, पेडल धरून आलाप भरला की भरीव वाटतो.’ लग्नाच्या रिसेप्शनमध्ये रोज वाजवणाऱ्या एका मित्राचं म्हणणं अगदी उलट. तो म्हणाला, पियानोच हवा असेल तर ०३ च्या मागे न लागता ०९, म्हणजे ‘सेशन’ शोध, त्यातला स्टीरिओ पियानो जास्त खरा आहे. त्याच्याकडे एक्सपी-३० आहे, त्यात सेशनचे आवाज कंपनीनेच आत दिलेत. जेव्ही-१०१० मध्येही सेशन आतच आहे. तिसऱ्याने दोन्ही नको म्हटलं. त्याच्या मते ८ एमबीच्या कार्डात पियानो कितीसा मावणार, सूर लांबवला की लूप, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणं, कानाला लागतो, त्यापेक्षा लॅपटॉप लाव. पुढे आलेल्या एसआरएक्स मालिकेत पियानोला जागा खूप जास्त मिळाली हे खरं, पण ती कार्डं एक्सपी-६० ला चालत नाहीत, त्यांचा जोडच वेगळा. आणि लॅपटॉप मी उघड्या मैदानात, जनरेटरच्या लाइटवर लावणार नाही. एकदा स्क्रीन अडकली की दोन हजार माणसांसमोर हात बांधून उभं राहावं लागतं.

माझ्या मते तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. दाटीच्या गाण्यात मूळचाच पियानो पुरतो. एकट्या पियानोला कार्ड लागतं. कार्डाने आवाज बदलतो, सूर वाढत नाहीत, हेही लक्षात घ्या. एक्सपी-६० ला एका वेळी ६४ आवाज. पियानोच्या पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या तयार आवाजात, दोन टोन (थर) असतील तर हातात ३२ सूर उरतात, आणि पेडल दाबून ठेवलं की तेही बघता बघता संपतात. हे सगळं मला माहीत होतं. पैसे टाकताना मी अडाणी नव्हतो, म्हणूनच हे जास्त झोंबतं.

ही कार्डं बनणं केव्हाच बंद झालंय. एसआर-जेव्ही८० मालिकेत ०१ पासून १९ पर्यंत नंबर आहेत. त्यातली पियानो, सेशन, ऑर्केस्ट्रल सगळ्यांना हवी असतात. टेक्नो, कंट्री, हिप-हॉप यांना आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही, त्यामुळे ती स्वस्तात मिळतात. स्वस्तातलं घ्यायचं आणि लेबल बदलून महागाचं म्हणून खपवायचं, एवढाच हा प्रकार.

वादकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. मुंबईकडचा माणूस, बोलणं शुद्ध मराठी, दोन मिनिटांत ‘दादा’ वर आला. ‘दादा, आपण कलाकार माणसं, तुम्हाला कसं फसवीन? माझ्याकडे आता नवीन कीबोर्ड आलाय म्हणून काढतोय.’ १६,००० सांगितले, १४,५०० ला ठरलं. नाशिकचं एक गिऱ्हाईक थांबलंय म्हणून टोकन मागितलं, मी ३,००० पाठवले. कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून कार्डाशेजारी ठेव म्हटलं, तर त्याने लगेच तसा फोटो पाठवला. हिरव्या चौकटींची चादर, त्यावर कार्ड, शेजारी कागद. इतकं कोण तपासतं? मी तपासलं. कार्ड खरंच त्याच्याजवळ होतं, खोटं होतं ते लेबल, आणि कागदावरच्या नावाने ते कळणं शक्य नव्हतं.

कळायला हवं होतं ते व्हिडिओत.

मी वाजवून दाखव म्हटलं. त्याने सव्वा मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. एक्सपी-८०, त्यावर पियानो, छान वाजवत होता, हात बसलेला होता. कॅमेरा सगळा वेळ बोटांवर. मध्ये एकदाच, क्षणभर, स्क्रीन दिसते. त्यावर पॅचच्या नंबराच्या आधी ‘पीआर-ए’ आहे. एक्सपी वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की पीआर म्हणजे कीबोर्डात मुळात असलेले आवाज. कार्डातला पॅच लावला की तिथे ‘एक्सपी-ए’, ‘एक्सपी-बी’ असं येतं. म्हणजे तो मला कार्ड ऐकवतच नव्हता. जो पियानो माझ्या घरी आधीपासून आहे, जो मी रोज वाजवतो, तोच तो मला ऐकवत होता आणि त्याचे माझ्याकडून साडेचौदा हजार घेत होता.

तो व्हिडिओ आता थांबवून पाहिला की ती तीन अक्षरं स्पष्ट दिसतात. तेव्हा मी रात्री कार्यक्रमाहून परतताना गाडीत मोबाइलवर पाहिला. फॉरवर्ड होऊन चित्र फाटलेलं, कानात साधा इयरफोन. पण आवाज तरी? वीस वर्षं जो पियानो बोटाखाली आहे तो ओळखू येऊ नये? त्याने त्यावर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) चढवला होता आणि खालचे सूर जास्त वाजवत होता. मला गोल वाटला, कारण मला गोल ऐकायचा होता. त्या एका क्षणावर व्हिडिओ थांबवला असता तर पुढचे ११,५०० गेले नसते. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवले. दुपारी ‘पॅकिंग आणि इन्शुरन्स’ म्हणून आणखी ८५० मागितले, तेही दिले. नाजूक वस्तू आहे, विमा हवाच, असं मलाही वाटलं.

तेव्हा व्हिडिओ मागाल तर असा मागा: कीबोर्ड बंद असताना सुरू होणारा, मध्ये कुठेही न तुटणारा, स्विच चालू करताना दाखवणारा, आणि स्क्रीन सतत चौकटीत असणारा. बसवलेल्या कार्डाचं नाव कीबोर्ड स्वतः स्क्रीनवर दाखवतो. लेबल कोणीही छापेल, ते नाव छापता येत नाही. पॅचची यादी आधी मिळवा आणि तुम्ही सांगाल तो नंबर लावायला सांगा. व्हिडिओ कॉलवर तयार होत नसेल तर विषय सोडा. ‘नेट नाही’ हे उत्तर मुंबईतला माणूस देत असेल तर लगेच सोडा.

पार्सल आलं. मी ते आमच्या नेहमीच्या टेक्निशियनच्या टेबलावरच फोडलं, कारण कीबोर्डाचं खालचं झाकण मी स्वतः उघडत नाही. वीज काढून, अंगातली स्थिर वीज धातूला हात लावून घालवून, सगळं नीट केलं. ७०० रुपये त्याची मजुरी. चालू केल्यावर स्क्रीनवर नाव टेक्नोचं. आधी वाटलं संपर्क नीट बसला नसेल. काढून परत बसवलं. तेच. पहिला पॅच वाजवला आणि मी ओळखला, कारण मित्राच्या एक्सपी-३० मध्ये टेक्नोचे आवाजही आतच आहेत, ते आम्ही कितीदा ऐकलेत. टेक्निशियनने नखाने लेबलाचा कोपरा उचलला, तर खाली जुन्या डिंकाची कड.

फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, ‘दादा, असं होणारच नाही.’ मग म्हणाला, ‘तुमच्याकडे टेक्नो आधीच असेल, तुम्ही बदललं.’ म्हणजे चोर मी! मग ब्लॉक. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं, कारण त्याने आधी सहज विचारून घेतलं होतं, ‘उघडलं का, फोटो काढला का?’ तेव्हा मला तो काळजीचा प्रश्न वाटला. पार्सल कोणाचंही असो, सीलबंद खोक्यापासून स्क्रीनवरच्या नावापर्यंत एकसलग व्हिडिओ करा. टेक्निशियन माझा साक्षीदार आहे, लेखी द्यायलाही तयार आहे, पण साक्षीदाराला कोण विचारतंय?

कुरिअरची पावती मी नंतर नीट पाहिली. विमा काढलेलाच नाही. वस्तूचं वर्णन ‘स्पेअर पार्ट’, किंमत ५०० रुपये. ८५० त्याने थेट खिशात घातले. आणि हीच ५०० ची पावती पुढे माझ्या गळ्यात पडली.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘मेमरी कार्ड का?’ मी समजावलं. ‘मग मोबाइलचं नाही तर कशाचं?’ पुन्हा समजावलं. फोटो दाखवले, चॅट दाखवला, व्हिडिओ थांबवून ‘पीआर-ए’ दाखवलं. साहेब म्हणाले, ‘कार्ड मागवलं, कार्ड आलं. मग फसवणूक कसली?’ पावतीवर ५०० बघून म्हणाले, ‘पाचशे रुपयांसाठी गुन्हा नोंदवू?’ मी यूपीआयच्या तिन्ही नोंदी पुढे ठेवल्या, बेरीज करून दाखवली. ‘ते तुम्ही स्वतःहून पाठवलेत.’ स्वतःहून पाठवले म्हणूनच तर ती फसवणूक! कोणी सुरा लावला असता तर ती लूट झाली असती. पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, खातं हॅक झालं नाही, वस्तू हातात आली, हे आमचं नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर तिथे वेगळेच साहेब. त्यांनी पहिल्यापासून ऐकलं आणि सांगितलं, आरोपी मुंबईचा, तिकडे जाऊन तक्रार द्या. पंधरा हजारांसाठी माणसाने मुंबईत खोली घेऊन राहायचं का?

तिकडे जावं लागत नाही, हे मी आता ठासून सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, फसवणुकीचं आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती जवळच्या ठाण्यात देता येते. मी हे कलम लिहून नेलं तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कायदा मोडला. शेवटी नुसता अर्ज घेतला. पोच मागितली तर ‘शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या.’ पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवत नसतील तर त्याच कलमाप्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. उत्तर नाही.

बँकेत वेगळी कथा नाही. ‘व्यवहार तुम्ही मंजूर केलाय, सर.’ समोरच्या खात्याचं तरी काहीतरी करा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं, तर आधी गुन्हा नोंदवा. गुन्हा तेच नोंदवत नाहीत! ग्राहक आयोगाचंही विचारून झालं. विकणारा दुकानदार नसून खाजगी माणूस आहे, त्यामुळे तिथेही उभं राहणं कठीण. हा माणूस नेमाने कार्डं विकतोय, हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. ते सिद्ध मी एकट्याने कसं करू? रोज वेगवेगळ्या टेबलांसमोर उभं राहून कीबोर्डाचं कार्ड म्हणजे काय हे समजावताना, पैसे गेल्याचं दुःख परवडलं असं होतं. कोणाला वाटतच नाही की हे आमचं हत्यार आहे, यावर घर चालतं.

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर मात्र १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करण्यात एक मिनिटही घालवू नका, रक्कम पुढे सरकली नसेल तर खात्यात अडवता येते. मला कळेपर्यंत पार्सलचा प्रवास झाला होता, पैसे निघून गेले होते.

कार्यक्रमासाठी शेवटी २,५०० रुपये भाड्याने स्टेज पियानो आणला. १५,३५०, टेक्निशियनचे ७०० आणि हे २,५००, मिळून १८,५५० रुपये. त्या रात्रीचं माझं मानधन याच्या निम्म्याहूनही कमी होतं.

अजून एक, नवीन मुलांसाठी. एसआर-जेव्ही८० आणि एसआरएक्स एकमेकांच्या जागी बसत नाहीत, विकणारा ‘चालतं हो’ म्हणेल. रोलँडच्या जेव्ही-१०८० च्या तोंडाशी जी पातळ कार्डं घालतात ती वेगळी, तीही ‘एक्सपान्शन’ म्हणून खपवतात. शक्य असेल तर आपला कीबोर्ड घेऊन जा, तिथेच बसवा, वाजवा, मग पैसे. तेवढं अंतर जमत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या वादकाला पाठवा.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर ‘सेशन’ कार्डाचा फोटो आला. किंमत १८,०००. विकणाऱ्याचा फोन नंबर वेगळा, नाव वेगळं, चादर तीच, हिरव्या चौकटींची, आणि लेबल उजवीकडे किंचित तिरकं. मी तिथे लिहिलं, तर अ‍ॅडमिनने माझाच मेसेज काढून टाकला, ‘ग्रुपवर वाद नको’ म्हणून. ज्यांनी अशा कार्डासाठी पैसे पाठवले असतील त्यांनी लाजून गप्प बसू नये. यूपीआयच्या नोंदी, कुरिअरची पावती, लेबलाचे जवळून काढलेले फोटो जपून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या. अर्जात ज्या खात्यावर पैसे गेले ते स्पष्ट लिहा आणि अशाच आणखी तक्रारी आहेत हेही लिहा. एकाच खात्यावर चार जिल्ह्यांतून चार अर्ज पडले तर ‘दोघांतला व्यवहार’ म्हणून हाकलता येणार नाही. आणि त्याने फोन करून कितीही गयावया केली, अर्धे पैसे परत देतो म्हणाला, तरी चॅट डिलीट करू नका.