ग्रेप आणि शब्दांची यादी: आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दर शनिवारी मी सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर इंग्रजी शब्दांचं एक कोडं घालते. शाळा मराठी माध्यमाची. चार-पाच अक्षरं द्यायची आणि ती ज्यात आहेत असा जास्तीत जास्त लांब शब्द शोधून आणायला सांगायचं, एवढाच खेळ. आठवडाभर मुलं वर्तमानपत्रं, बिस्किटांचे पुडे, बसवरच्या जाहिराती वाचत हिंडतात.

उत्तरं मी आधीच शोधून ठेवते, आता ग्रेप या संगणकातल्या शोध-आदेशाने. पूर्वी त्यासाठी मोबाइलवरचं एक ॲप वापरायचे. दर दोन-तीन शोधांनी जाहिरात यायची आणि दहा अक्षरांपुढचे शब्द हवे असतील तर पैसे मागायचं. त्याहून मोठी अडचण म्हणजे दिलेल्या अक्षरांपासून तयार होणारे शब्द आणि दिलेली अक्षरं ज्यात आहेत असे शब्द, हा फरकच त्याला कळत नव्हता. मला दुसरे हवे होते, ते पहिलेच देत राहायचं. मे महिन्यात भाचा आला होता. तो म्हणाला, "आत्या, तुझ्या लॅपटॉपमध्ये उबुंटू आहे ना? मग शब्दांची यादी आधीच आहे त्यात."

उबुंटू म्हणजे लॅपटॉप चालवणारी प्रणाली, विंडोजसारखी. तिच्यात यादी खरंच होती. साधी मजकुराची फाईल, एका ओळीवर एक शब्द, साधारण लाखभर ओळी. तिच्यावर चालवायचा ग्रेप हा आदेश त्याने मला अर्ध्या तासात शिकवला. ग्रेप 1970च्या दशकात बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी लिहिला. फाईलभर शोध, नमुना जुळेल ती ओळ छाप, अशा अर्थाच्या, मजकूर लिहायच्या-सुधारायच्या एका जुन्या प्रोग्राममधल्या आदेशावरून त्याचं नाव पडलं. मी त्याला चाळणी म्हणते. वरून लाख शब्द ओतायचे, खाली हवे तेवढेच पडतात, आणि माझ्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवरही डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतात.

पहिल्या आठवड्यात दोनच चिन्हं पुरली. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. त्याच्यापुढे तारा काढला की तशी कितीही अक्षरं, एकही नसलं तरी चालेल. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर याच क्रमाने हवेत म्हणून मधेमधे टिंब-तारा घातले तर फेसिशस आणि अब्स्टिमिअस सापडले. दोन्हींना शेवटी एल-वाय लावा, वायसुद्धा क्रमाने येतो. मग उलटा क्रम दिला, यूपासून एपर्यंत. निकालात सबकाँटिनेंटल आला, म्हणजे उपखंडीय. आपल्याच भूभागाचं विशेषण, शंभरदा वाचलेलं, आणि त्यात पाचही स्वर उलट्या रांगेत उभे आहेत हे कधी दिसलं नव्हतं.

क्रम कसाही चालणार असेल तर मात्र दर अक्षराला एक चाळणी लागते. एकीतून पडलेलं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, मधे फक्त उभी रेघ. पाच अक्षरांना पाच चाळण्या. लिहायला लांबलचक, पण महिन्याभरात हात बसतो.

सगळ्यात उपयोगाचा नमुना चौकटी कंसाचा. कंसात सात अक्षरं लिहायची आणि सांगायचं की शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत याच अक्षरांचा हवा, कितीही वेळा आली तरी चालतील. ऑगस्टमध्ये मी लोकेशन या शब्दाची सात वेगवेगळी अक्षरं दिली: एल, ओ, सी, ए, टी, आय, एन. सातही ज्यात आहेत असे शब्द किती निघावेत? कोॲलिशन, कोलेशन, ॲलोकेशन, कोलोकेशन, आणि बारा अक्षरांचा कन्सिलिएशन! मुलांनी कोॲलिशन आणला, कारण त्यांच्या घरी बातम्या चालू असतात. त्या शनिवारी आम्ही अर्धा तास नुसत्या शेपटावर बोललो. टी-आय-ओ-एन हा प्रत्यय आहे, आपल्या 'करण'सारखा. सरळीकरण, राष्ट्रीयीकरण म्हणताना मुलं अडखळत नाहीत, कारण जोड कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. इंग्रजी शब्दातला जोड कुणी दाखवलेला नसतो, म्हणून बारा अक्षरांची भीती वाटते. हे मी वीस वर्षं शिकवत आलेय, पण एका पडद्यावर पन्नास शब्द एकाच शेपटासकट एकाखाली एक उभे राहिले तेव्हा मलाच ते नीट दिसलं.

म्हणून अक्षरं निवडताना काळजी घ्या. ई, एन, एस, टी अशी नेहमीची मागितलीत तर हजारो शब्द येतील आणि बहुतेकांची लांबी उपसर्ग-प्रत्ययांनीच वाढलेली असेल. जोडून येणारी विचित्र अक्षरं मागा. आर-एस-टी-यू सलग मागितल्यावर अंडरस्टडी मिळाला: मुख्य नट आजारी पडला तर उभं राहता यावं म्हणून त्याची भूमिका पाठ करून ठेवणारा. आमच्या सांगलीत हा शब्द समजावायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

एक उलटी चाळणीही आहे, जुळणारं फेकून देणारी. एखादं अक्षर पुन्हा आलं असेल तर शब्द बाहेर, असं सांगितलं आणि उरलेल्यांत पंधरा अक्षरांचे मागितले. अनकॉपीराइटेबल आणि डर्मॅटोग्लिफिक्स. दुसरा म्हणजे बोटांच्या-तळव्यांच्या त्वचेवरच्या रेषांचा अभ्यास. पंधरा अक्षरं, सगळी वेगळी.

आता खटकलेल्या गोष्टी. यादीत विशेषनामं आहेत, आणि ॲपॉस्ट्रॉफी-एस लावलेली रूपं हजारोंनी आहेत. ती प्रत्येक वेळी उलट्या चाळणीने काढावी लागतात. अर्थ कुठेच नाही, त्यामुळे शब्दकोश शेजारी हवाच. अक्षरांची उलटापालट करून होणारे शब्दही ग्रेप शोधू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावून तुलना करावी लागते. भाच्याने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आठ ओळी लिहून दिल्या, तेव्हा सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकायरॉप्टेरन ही जोडी मिळाली. दुसरा म्हणजे फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातला प्राणी. पंधराच्या पंधरा अक्षरं तीच.

सगळ्यात गंभीर चूक माझ्या हातून झाली, ती सांगायलाच हवी. ओ-यू-आर सलग असलेला दहाहून जास्त अक्षरांचा शब्द मागितला होता. एका मुलाने नेबरहुड आणला, पाठ्यपुस्तकातल्या स्पेलिंगने, यू घालून. यादीत नव्हता म्हणून मी नाही म्हटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपमधली यादी अमेरिकन होती. पुढच्या शनिवारी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली, त्याचे गुण दिले आणि ब्रिटिश यादी उतरवून घेतली. भारतात शिकवणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी करावं. याद्या फुकट आहेत आणि निरनिराळ्या आकारांत मिळतात: लहान, मोठी, प्रचंड, आणि शेवटच्या आकाराचं नावच इन्सेन. शाळेसाठी मोठी पुरते. भाच्याच्या मॅक संगणकातली यादी 1934च्या वेबस्टर या अमेरिकन इंग्रजी कोशावरून आलेली आहे. तिच्यात थायरोपॅराथायरॉइडेक्टमाइज असे चोवीस अक्षरी शब्द आहेत, पण साधी अनेकवचनंही बहुतेक नाहीत आणि नंतर जन्मलेली औषधं तर नाहीतच.

औषधांवरून आठवलं. डिसेंबरात मी एक्स-वाय-झेड सलग मागितले होते. मोठ्या यादीतून मला उत्तर मिळालं होतं, ते वहीत लिहून ठेवलं आणि मुलांना सापडणार नाही असं धरून चालले होते. दोन शनिवार कुणीच काही आणलं नाही. तिसऱ्या शनिवारी सातवीतली एक मुलगी दप्तरातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून माझ्या टेबलाशी आली. आजीच्या खाजेच्या गोळ्या होत्या. चंदेरी कागदावरच्या बारीक अक्षरांखाली तिने नखाने रेघ ओढली होती: हायड्रॉक्सिझीन. "बाई, हे बघा, मधोमध आहे."

मी वही उघडून तिला दाखवली. मग तिने फळ्यावर अकराही अक्षरं लिहिली आणि मधल्या तिघांभोवती चौकट काढली.