पुराच्या रात्रीसाठी जेएस८कॉल: दोन पावसाळे वापरून पाहिलं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं. इन्व्हर्टर तळमजल्यावर होता, तोच आधी बुडाला. लाइट गेली, थोड्या वेळानं मोबाइलची रेंजही गेली. वरच्या खोलीत रेडिओ सेट होता, माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना होता, पण बॅटरीच नाही. नरखेडला माझ्या दादाला 'आम्ही सुखरूप आहोत' एवढंही कळवता आलं नाही. दादाही हॅम आहे. त्यानं १९९१ चा मोवाडचा पूर जवळून पाहिलेला, त्यामुळे ती रात्र त्यानं कशी काढली असेल ते मला माहीत आहे.

त्यानंतर दोघांनीही जेएस८कॉल बसवलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जॉर्डन शेरर यांनी २०१८ मध्ये एफटी८ या रेडिओवरून संदेश धाडायच्या पद्धतीवरून ते तयार केलं. लॅपटॉपवर ओळ टाइप करायची, ती सुरांत बदलून रेडिओवाटे जाते आणि जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेते. नुसत्या खरखरीमध्ये कानाला काहीच लागत नाही, तिथून हे अक्षरं काढतं. माझा सेट २० वॉटचा आहे, पण मी १० वरच ठेवते, कारण प्रक्षेपण सलग चालतं आणि सेट तापतो. बॅटरी आता वरच्या खोलीत असते.

अँटेना म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन तारा. मध्य पाण्याच्या टाकीवर, टोकं कपडे वाळवायच्या दांड्यांना. तार मुद्दाम कमी उंचीवर आहे, म्हणजे लहरी सरळ वर जाऊन विदर्भातच परत उतरतात. ७.०७८ मेगाहर्ट्झवर दिवसा नरखेड, अमरावती, चंद्रपूर छान लागतात. मला सगळ्यात आवडलं ते निरोप साठवणं. दादा वावरात असला तरी त्याचा सेट माझा निरोप ठेवून घेतो. नरखेड थेट लागलं नाही, तर अमरावतीचं स्टेशन मधून पुढे पोचवतं.

वेग मात्र कमी. नेहमीच्या गतीत मिनिटाला साधारण १६ शब्द, तेही १५-१५ सेकंदांच्या तुकड्यांत. देवनागरी चालत नाही, रोमन अक्षरांत लिहावं लागतं. त्यात सॉफ्टवेअरचा शब्दसंग्रह इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी शब्द आखडून जातो आणि 'पाणी वाढलं' रोमनमध्ये लिहिलं की जास्त तुकडे लागतात. आम्ही दोघांनी मिळून बारा निरोप ठरवून कागदावर लिहिले आणि तो कागद दोन्ही घरी सेटशेजारी चिकटवला. हे मी प्रत्येकाला सांगेन, पूर आल्यावर शब्द शोधत बसू नका. फोटो, औषधांच्या लांब याद्या यासाठी हे नाही, तिथे विनलिंक (रेडिओवरून ईमेल पाठवायची सोय) बरं. आणि सांकेतिक भाषा हॅमला चालत नाही, सगळं उघड जातं. म्हणून कोणाचा आजार, कोणाचा पत्ता मी टाकत नाही.

लॅपटॉपचं घड्याळ दोन सेकंदांच्या आत जुळलेलं लागतं. इंटरनेट गेल्यावर काय, ही माझी मोठी काळजी होती. ऐकू येणाऱ्या स्टेशनांवरून वेळ सरकवून जुळवायची सोय आतच आहे, ती आधी हाताखालून घाला.

खरी अडचण रात्रीची. अंधार पडला की ७ मेगाहर्ट्झवर दूरची स्टेशनं येतात आणि नरखेड गायब. आमचा पूर तर पहाटे आला होता! मग रात्रीही जवळची स्टेशनं लागावीत म्हणून ३.५७८ मेगाहर्ट्झची तयारी केली. त्याला ४० मीटर तार लागते, एवढी आमची गच्ची नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ने ना बाई आमच्या गच्चीवरून, त्या रात्री आमच्याही घरात पाणी होतंच नं."

गेल्या ऑगस्टमध्ये पहाटे तीनला गजर लावून उठले आणि दादाला हाक दिली. दोन मिनिटांनी पडद्यावर ओळ उमटली, कागदावरची पाचवी: सर्व ठीक, पाणी नाही.