पुनर्वापराच्या पाण्याची वाहिनी: डी.आय. घ्यावा की एच.डी.पी.ई.?

नागपुरात भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं 130 एमएलडी (दिवसाला इतके दशलक्ष लिटर) सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे वळवलं गेलं. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोलीला प्रत्येकी 20 एमएलडीची केंद्रं टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी उभी राहिली. आता इतर महापालिकांतही तशाच योजना कागदावर आहेत, आणि अंदाजपत्रक करायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात पाइपपाशी अडतो. मोठ्या व्यासाच्या मुख्य वाहिनीचा विचार वेगळा, तिथे एम.एस. म्हणजे पोलादी पाइपही चर्चेत येतो. मी बोलतोय ते शहरातून फिरणाऱ्या, कारखान्यांच्या आणि बागांच्या दारापर्यंत जाणाऱ्या 200 ते 400 मि.मी.च्या जाळ्याबद्दल. तिथे निवड दोनच: डी.आय. म्हणजे डक्टाइल आयर्न, चिवट ओतीव लोखंडाचा पाइप, आणि एच.डी.पी.ई. म्हणजे जाड काळ्या प्लास्टिकचा. दोन्ही पाइप मी स्वतः टाकून घेतलेत, दोन्हींनी त्रासही दिलाय.

आधी एक चूक टाळा. दरपत्रकात 300 चा डी.आय. आणि 315 चा एच.डी.पी.ई. शेजारी शेजारी मांडलेले मी कितीदा पाहिलेत. डी.आय.चा 300 हा साधारण आतला व्यास, एच.डी.पी.ई.चा 315 हा बाहेरचा. पीई-100 (प्लास्टिकचा दर्जा), पीएन-10 (दाबाचा वर्ग) मध्ये भिंत वजा केली की आत 277 च्या आसपास उरतात. पंपावर त्याचा भार पडतो आणि विजेचं बिल वर्षानुवर्षं भरावं लागतं. तुलना करायची तर 355 शी करा. तसं केलं की एच.डी.पी.ई.चा स्वस्तपणा बराच खाली येतो, हे आवडीचा पाइप असूनही सांगायला हवं. शिवाय त्याचा भाव कच्च्या मालाबरोबर हलतो, तेव्हा जुन्या कोटेशनवर अंदाजपत्रक करू नका.

पाण्याच्या गुणवत्तेवरून डी.आय.ची भीती घालणारे बरेच भेटतात. तृतीयक प्रक्रिया (सांडपाणी शुद्धीकरणाचा शेवटचा टप्पा) नीट झालेली असेल आणि पाइप भरून वाहत असेल, तर आतलं सिमेंट अस्तर टिकायला हरकत नसावी. जिथे पाणी तुंबून शिळं होतं आणि उंचवट्यावर हवा अडकते तिथे मात्र सांभाळावं लागतं, ती हवा बाहेर सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हवर काटकसर नको. खाडीकाठच्या खाऱ्या मातीत मला धास्ती बाहेरच्या अंगाची जास्त. पॉलिथिन स्लीव्ह घालतात, पण चर बुजवताना जेसीबीने मुरूम ओतला की ती कुठे फाटली हे वरून दिसत नाही.

माझा निर्णय मात्र गंजावरून झाला नाही. थ्रस्ट ब्लॉकवरून, म्हणजे वळणामागे घालायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावरून झाला.

डी.आय.चा जोड म्हणजे रबरी गॅस्केटवर ढकललेला पाइप. सरळ रेषेत त्याच्यासारखं सोपं काम नाही: वंगण लावा, पहारीने किंवा जेसीबीच्या बकेटने ढकला, झालं. पावसात, चिखलात, विजेशिवाय जमतं. पण वळणावर पाणी पाइपला बाहेर ढकलतं आणि तो जोर गॅस्केट धरून ठेवत नाही, मागचा काँक्रीटचा ठोकळा धरतो. 300 मि.मी.च्या काटकोनी बेंडवर चौरस सेंटीमीटरला 10 किलोच्या चाचणीदाबाला हा जोर सुमारे 12 टन होतो. खाडीच्या मऊ मातीने चौरस मीटरला 5 टन पेललं असं धरलं, तरी ठोकळ्याची मागची बाजू जवळपास अडीच चौरस मीटर हवी, आणि तीही न उकरलेल्या मातीला टेकलेली. आता शहरातला फूटपाथ आठवा. एका बाजूला वीज कंपनीची केबल, दुसरीकडे पावसाळी गटार, खाली पिण्याच्या पाण्याची जुनी लाइन. ठोकळा टेकवायचा कुठे?

आमच्या एका कामात साडेतीनशे मीटरच्या तुकड्यात अकरा बेंड होते. चाचणीसाठी टँकरने पाणी आणलं. हातपंपावर दोघे जण, गेजवर मी. काटा साडेआठवर गेला आणि तिथेच थरथरला. मग तिसऱ्या बेंडपाशी मातीतून आधी बुडबुडे, मागोमाग गढूळ पाण्याची धार. उकरून पाहिलं तर ठोकळा शाबूत होता, फक्त बोटभर मागे सरकला होता. मागे जुन्या केबलचा भरलेला चर निघाला. तेवढ्या हालचालीने गॅस्केट दुमडून बाहेर डोकावत होतं. ठोकळा मोठा केला, काँक्रीट पिकायला दिवस दिले, पुन्हा टँकर. या वेळी सातवा बेंड. एकूण तीनदा. तेवढे दिवस दुकानांसमोरचा चर उघडा, रोज तीच बोलणी ऐकायची. रिस्ट्रेन्ड जोडाचा, म्हणजे जोड निसटू न देणाऱ्या अडकणीचा डी.आय. येतो, तो या दुखण्यावर चांगला उपाय आहे. पण त्याने खर्च वाढतो आणि आम्हाला माल लवकर मिळत नव्हता.

पुढच्या टप्प्यात तसल्याच मातीत 355 चा एच.डी.पी.ई. टाकला. बट वेल्डिंगने, म्हणजे टोकं तापवून एकमेकांवर दाबून, सगळी लाइन एक अखंड तुकडा होते, वळणाचा जोर पाइप स्वतःच पेलतो, ठोकळ्याचा प्रश्नच येत नाही. हलकी वळणं तर बेंडशिवाय, पाइप वाकवूनच निघाली. सहा मीटरचा तुकडा सव्वाशे किलोच्या आसपास, तर 300 चा के-9 (भिंतीच्या जाडीचा वर्ग) डी.आय. एकेक तीनशे किलोच्या वर. अरुंद गल्लीत क्रेन शिरत नाही तेव्हा हा फरक कळतो.

त्याचेही हट्ट आहेत. जनरेटर लागतो, आणि 355 चा जोड क्लॅम्पमध्येच पंचवीसेक मिनिटं थंड होऊ द्यावा लागतो. संध्याकाळी घाई झालेला ऑपरेटर क्लॅम्प लवकर सोडतो, तिथे उभं राहावंच लागतं. दुपारी तापलेला शंभर मीटरचा मोकळा तुकडा रात्रीतून फूटभर आखडू शकतो, म्हणून व्हॉल्व्हच्या फ्लँजचे बोल्ट आम्ही सकाळच्या गारव्यातच आवळायचो. दाबचाचणीत पाइप स्वतःच थोडा फुगतो, त्यामुळे काटा सुरुवातीला उतरतो. ती गळती नव्हे हे तपासायला आलेल्या साहेबांना आधीच सांगून ठेवा. नंतर नवी जोडणी द्यायची तर इलेक्ट्रोफ्युजन सॅडल (विजेने तापवून पाइपवर चिकटवायचा जोड) लागतं, त्यासाठी पाइप कोरडा करून वरचा थर खरवडावा लागतो. भरल्या पावसाळ्यात हे काम नकोसं होतं, इथे डी.आय. निश्चितच सोयीचा.

सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे एच.डी.पी.ई. जमिनीत गेला की लोकेटरला, म्हणजे गाडलेले पाइप शोधायच्या यंत्राला, सापडत नाही. पुनर्वापराच्या पाण्यासाठी हे फार धोक्याचं आहे, कारण उद्या एखादा प्लंबर काळा पाइप पाहून पिण्याच्या लाइनचा समजून त्यालाच टोचेल. म्हणून पाइपच्या वर लोकेटरला सापडेल अशी तांब्याची ट्रेसर तार आणि त्याच्याही वर वेगळ्या रंगाची, 'पिण्यासाठी नाही' असं मराठीत छापलेली पट्टी, या दोन्ही बाबी निविदेत स्वतंत्र लिहून घ्या. कंत्राटदाराच्या भरवशावर ठेवलं तर राहून जातं.

तुमचा रस्ता रुंद, माती मुरमाड आणि वळणं मोजकी असतील, तर डी.आय. घ्यायला माझी हरकत नाही. दगडी पट्ट्यात मीही कदाचित तोच घेईन. पण जुनं गावठाण, भरावाची जमीन, दर तीस-चाळीस मीटरला वळण असं असेल, तर मी पुन्हा एच.डी.पी.ई.कडेच जाईन. ठरवण्याआधी नकाशा घेऊन एकदा पायी फिरा आणि प्रत्येक बेंडमागे ठोकळ्याला कोरी माती मिळते का, ते एका पहारीने टोचून बघा. आमच्या अकरापैकी चारच ठिकाणी ती होती, आणि हे आम्हाला चाचणीनंतर कळलं.