कोल्हापुरातील मुलांची बेसबॉल लीग : नोंदणीच्या टेबलापाशी आलेला अनुभव

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही आमच्या दोन्ही मुलांची, म्हणजे १२ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा यांची, कोल्हापुरातील एका हौशी बेसबॉल लीगमध्ये नोंदणी केली. प्रशिक्षण कसे होते यावर थोडे लिहिणार आहेच. पण हे परीक्षण मुख्यतः नोंदणीच्या व्यवस्थेचे आहे. पालकांचा खरा संबंध तिथेच येतो, आणि पुढचे सहा आठवडे मुलाच्या वाट्याला काय येणार हे बरेचसे त्या अर्जावरच ठरते, हे मला उशिरा कळले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. चालविणारी मंडळी चार-पाचच असून आपापल्या नोकऱ्या सांभाळून हा व्याप करतात. त्यांच्या चुका दाखवायच्या आहेत, त्यांना चव्हाट्यावर आणायचे नाही.

पेठेत वाढलेल्या माणसाला खेळाडू नोंदणीचे अप्रूप नसते. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम तोंडावर आला की कोणता खेळाडू यंदा कोणत्या तालमीच्या संघाकडून उतरणार याची चर्चा चहाच्या गाड्यावर आठवडाभर चालते. बेसबॉल मात्र आमच्या घरात कोणी पाहिलेलाही नव्हता. मुलीच्या शाळेत सॉफ्टबॉलचा संघ आहे, तिथल्या क्रीडाशिक्षकांनी या लीगविषयी सांगितले, आणि बहीण जाणार म्हटल्यावर भावानेही हट्ट धरला. माझ्या वडिलांनी, ज्यांचे सारे आयुष्य शिवाजी पेठेत फुटबॉल पाहण्यात गेले, ‘हे आणि काय नवीन काढलंस?’ एवढेच विचारले आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडले.

अर्ज ऑनलाइन होता आणि तो संपूर्ण इंग्रजीत होता. ज्या लीगची जाहिरात मराठीत रिक्षावरून फिरली, तिचा अर्ज इंग्रजीत का असावा, हे मला समजले नाही. पुढे नोंदणीच्या टेबलापाशी माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट’ या रकान्यात दवाखान्याचे नाव लिहिले होते, आणि त्यांची काही चूक होती असे मी म्हणणार नाही. जन्मदाखल्याची फाइल २०० केबीपेक्षा लहान हवी होती. महानगरपालिकेच्या दाखल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यात बसेना, आणि बसेपर्यंत लहान केला तर त्यावरची तारीख वाचता येईना. तीन वेळा प्रयत्न फसल्यावर मी दाखल्याची झेरॉक्स घेऊन राजारामपुरीतल्या त्यांच्या कार्यालयात गेलो आणि दहा मिनिटांत काम झाले. त्यामुळे माझा सल्ला असा की ऑनलाइन अर्जाच्या नादी न लागता संध्याकाळी सहानंतर थेट कार्यालय गाठावे.

याहून गंभीर तक्रार आधार कार्डाविषयी आहे. नोंदणी झालेल्या पालकांचा एक व्हॉट्सॲप गट करण्यात आला आणि पहिल्याच रात्री त्यावर संदेश आला की ज्यांचे आधार राहिले आहे त्यांनी ‘इथेच’ फोटो टाकावा. अर्ध्या तासात १४ मुलांची आधार कार्डे, पूर्ण क्रमांक, जन्मतारीख आणि घरच्या पत्त्यासह, आम्हा साठ-सत्तर अनोळखी माणसांच्या मोबाइलवर येऊन पडली. १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयीचा २०२३ चा कायदा म्हणतो. कायदा बाजूला ठेवला तरी हे शहाणपणाचे नाही हे कोणालाही कळावे. मी फोन केल्यावर संचालकांनी वाद न घालता सगळे फोटो काढून टाकले आणि शेवटचे चार आकडेच दिसणारे मास्क्ड आधार चालेल असे कळवले. पण एकदा पाहिलेले आणि कोणाच्या तरी गॅलरीत आपोआप उतरलेले फोटो गटातून पुसल्याने पुसले जात नाहीत. वय जन्मदाखल्यावरून ठरणार होते, तर आधार मागण्याचे कारणच काय, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

वयाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर सविस्तर लिहायला हवे, कारण टेबलापाशी सर्वांत जास्त आवाज याच मुद्द्यावर चढले. ही लीग अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल संघटनेचे नियम जवळजवळ जसेच्या तसे वापरते. तिथे खेळाडूचे ‘लीग वय’ म्हणजे त्या वर्षाच्या ३१ ऑगस्टला त्याचे जे वय असेल ते. आपल्याकडील शालेय स्पर्धांत वयाचा हिशेब कॅलेंडर वर्षावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर होतो, आणि पालकांच्या डोक्यात तोच बसलेला असतो. आमच्या मुलाचा वाढदिवस ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. मे महिन्यात तो १० वर्षांचाच होता. पण ३१ ऑगस्टला ११ पूर्ण होणार म्हणून त्याची पाठवणी ९-१० च्या गटात न होता ११-१२ च्या गटात झाली. त्याच्याच वर्गातला, त्याच्यापेक्षा अवघ्या तीन आठवड्यांनी लहान असलेला मुलगा मात्र खालच्या गटात गेला. मी दहा मिनिटे हुज्जत घातली. टेबलावरच्या तरुणाने आवाज न चढवता नियमाचा छापील कागद माझ्यापुढे सरकवला, जन्मतारखेवर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाला, ‘काका, रेष कुठंही मारली तरी कुणीतरी रेषेवर येणारच. फक्त ती सगळ्यांना एकच पाहिजे.’ मी गप्प बसलो. शालेय स्पर्धांत वय चोरण्याचे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत; ओठावर मिसरूड फुटलेले ‘१४ वर्षांखालील’ खेळाडू आपल्याला नवे नाहीत. इथे प्रत्येक दाखला मूळ प्रतीशी ताडून पाहिला गेला आणि ओळखीपाळखीने आलेल्या एका मुलालाही खालच्या गटात घेतले नाही, हे मी स्वतः पाहिले. या एका बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देतो.

यातून एक अनपेक्षित फायदाही झाला. दोन्ही भावंडे एकाच वयोगटात आल्याने त्यांना एकाच संघात ठेवावे, म्हणजे सकाळी साडेसहाला दोन वेगळ्या मैदानांवर दोघांना सोडण्याची कसरत करावी लागणार नाही, अशी विनंती करता आली. अर्जात भावंडांसाठी काहीच सोय नव्हती. साध्या कागदावर लिहून दिले आणि ते मान्य झाले. ज्यांनी लिहून दिले नाही त्यांच्यापैकी एका घरातील जुळे भाऊ वेगवेगळ्या संघांत गेले आणि त्यांच्या आईची सहा आठवडे मैदाना-मैदानांत धावपळ झाली.

मुलीच्या अर्जाची गोष्ट वेगळी. ‘मुलगी’ या पर्यायावर खूण केली की पुढच्या रकान्यात ‘सॉफ्टबॉल’ आपोआप निवडला जात असे आणि तो बदलता येत नसे. दोन्ही खेळ दिसायला भाऊबंद असले तरी सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा आणि बेसबॉलचा सुमारे ९ इंचांचा असतो, एकात चेंडू खांद्याखालून टाकतात तर दुसऱ्यात खांद्यावरून, आणि मुलीला नेमके ते खांद्यावरून टाकणेच शिकायचे होते. ज्या लिटल लीगचे नियम ही मंडळी शिरोधार्य मानतात, तिने १९७४ सालीच मुलींना बेसबॉल संघाची दारे उघडली आहेत. आणि आपल्याकडेही मुलींच्या बेसबॉल स्पर्धा होतात. हे सांगितल्यावर खेळाचे नाव हाताने बदलून दिले गेले, पण ‘बघा हं, मुलं जोरात टाकतात’ असा इशाराही मिळाला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या संघाची पहिली पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी, तीच होती, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

शुल्क प्रत्येकी २,२०० रुपये होते. त्यात जर्सी, टोपी, सहा आठवड्यांचा सराव, सामने आणि मैदानावर वापरण्यापुरते साहित्य येते. ग्लोव्ह स्वतःचा आणल्यास उत्तम असे सांगितले जाते. दुसऱ्या अपत्याला दहा टक्के सवलत जाहिरातीत होती, पैसे भरताना लागली नाही, नंतर रोख परत मिळाली. जर्सीच्या पाठीवर एका तेलगिरणीचे नाव आहे आणि आमच्या चिरंजीवांना ते आवडलेले नाही. त्याला मी सांगितले की १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी लिटल लीग सुरू केली तेव्हा पहिल्या तीन संघांना एक डेअरी, एक लाकडाची वखार आणि एक खारी बिस्किटासारखा पदार्थ करणारी कंपनी यांचीच नावे होती, आणि पहिल्या सामन्यात वखारवाल्यांनी डेअरीवाल्यांचा २३-८ असा फडशा पाडला होता. तेलगिरणी त्या परंपरेत चपखल बसते.

अर्जातली सर्वांत मोठी उणीव मला पहिल्या सकाळी मैदानावर दिसली. मुलाचा रक्तगट, उंची, वजन, शाळा, तुकडी, आवडता खेळाडू, सगळे विचारले होते. चेंडू तो कोणत्या हाताने फेकतो हे मात्र विचारले नव्हते. आमचा मुलगा डावखुरा आहे. बेसबॉलमध्ये ग्लोव्ह फेकण्याच्या हातात घालत नाहीत, दुसऱ्या हातात घालतात; म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताचा ग्लोव्ह लागतो. पेटीत असलेले सगळे ग्लोव्ह डाव्या हाताचे होते. फक्कीने नुकत्याच आखलेल्या मैदानात, एका बेसपासून (धाव घेताना गाठायच्या टप्प्यापासून) दुसऱ्या बेसपर्यंतच्या ६० फुटांच्या रेषेवर, तो उभा राहिला. चेंडू आला, त्याने तो डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये झेलला, ग्लोव्ह काखेत दाबून हात बाहेर ओढला, ग्लोव्हमधून चेंडू उपसला आणि मग फेकला. तोवर धावणारा मुलगा बेसवर पोहोचून कंबरेवर हात ठेवून उभा होता. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी याने ग्लोव्ह जमिनीवर ठेवला आणि क्रिकेटसारखा उघड्या हाताने चेंडू अडवला. प्रशिक्षक धावत आले. चेंडू कातडी, टणक आणि जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड, सव्वापाच औंसांपर्यंतचा असतो, हे त्यांनी त्याच्या लाल झालेल्या तळव्यावर बोट ठेवून समजावले. हा खेळ डावखुऱ्यांचे विशेष कौतुक करणारा म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याच नोंदणीत डावखुऱ्याची दखल नसावी, याचे मला वाईट वाटले. शहरातील दोन दुकाने पालथी घातली, तिथे विक्रेत्याने क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचे हातमोजे पुढे केले. शेवटी ग्लोव्ह पुण्याहून मागवला आणि तो हंगामाच्या चौथ्या आठवड्यात आला.

याउलट एका बाबतीत मंडळींनी दाखवलेली काटेकोर वृत्ती मला कुठल्याही क्रिकेट शिबिरात दिसलेली नाही. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक पालकाकडून एका तक्त्यावर सही घेतली जाते. लीग वय ९-१० असलेल्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ आणि ११-१२ च्या मुलाने ८५ चेंडू टाकायचे. ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. हेही लिटल लीगचेच नियम आहेत, आणि वाढत्या वयातील कोपर व खांदा जपण्यासाठी ते केलेले आहेत. नियम छापणे सोपे असते. एका सामन्यात मुलीचा हात छान चालला होता, संघ एका धावेने पुढे होता, आणि मोजणी करणाऱ्या बाईंनी ५० चेंडूंनंतर हात वर केला, कारण आणखी एक चेंडू टाकला असता तर तीन दिवस विश्रांती लागली असती आणि प्रशिक्षकांना येत्या शनिवारसाठी तिला मोकळे ठेवायचे होते. आम्ही पालकांनी गिल्ला केला, ती स्वतः रडवेली झाली, सामना गेला. पिचर बदलला तो बदललाच. घरी येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र आमच्या लहानपणी उन्हात दिवसभर गोलंदाजी करून खांदा कायमचा गमावून बसलेला गल्लीतला एक मित्र आठवत होता.

टेबलापाशी आणखी एक प्रश्न वारंवार विचारला गेला, तो म्हणजे या प्रमाणपत्रावर दहावीला वाढीव गुण मिळतील का. ‘नाही, त्यासाठी शाळेमार्फत शासनमान्य स्पर्धेत खेळावे लागेल, आमचे प्रमाणपत्र घरी लावायला,’ असे उत्तर प्रत्येकाला मिळाले आणि दोन पालक तिथूनच परत गेले. गिऱ्हाईक जात असतानाही खरे सांगणारी माणसे आहेत, याची नोंद व्हावी.

वेळापत्रकाविषयी एवढेच सांगतो की मे महिन्यातील दुपारचे सामने ठरवताना वळवाचा विचार झालेला नव्हता. दोन सामने वाहून गेले आणि त्यांपैकी एकच पुन्हा खेळवला गेला.

दिवाळीनंतरच्या फेरीचा अर्ज परवाच आला आहे. तो मराठीत आहे, त्यात आधार मागितलेले नाही, भावंडांसाठी जागा आहे आणि ‘चेंडू कोणत्या हाताने फेकतो?’ असा रकानाही आहे. मुलीचे नाव भरून ‘मुलगी’वर खूण केली, तर पुढे पुन्हा ‘सॉफ्टबॉल’ उमटले. उद्या संध्याकाळी सहानंतर कार्यालयात जाऊन येतो.