पोटरीचं दुखणं: सहा महिने ट्रेडमिल, सहा महिने कॅप्सूल

चालताना पोटरी आवळते, थांबलं की काही मिनिटांत सुटते, तेवढंच अंतर चाललं की पुन्हा धरते. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं हे ठरलेलं लक्षण. तरी कॅप्सूलची कुठलीही बाटली घेण्याआधी एबीआय काढावा, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. ०.९० किंवा त्याखाली आलं तर निदान पक्कं. मधुमेहींच्या धमन्या कडक असतात, त्यामुळे आकडा फसवा, चांगला येऊ शकतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

फरक पडतो तो ट्रेडमिलने. आठवड्यातून तीनदा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, किमान १२ आठवडे. सुरुवात ताशी ३ किलोमीटरने, चढ शून्य. तीन ते पाच मिनिटांत दुखणं मध्यमपर्यंत वाढलं पाहिजे. मग थांबायचं, दुखणं पूर्ण जाईपर्यंत बसायचं आणि पुन्हा चढायचं. विश्रांती धरून ३० ते ५० मिनिटं. एका दमात आठ-दहा मिनिटं जमू लागली की चढ किंवा वेग थोडा वाढवायचा.

बहुतेकांचं बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिली कळ आली की उतरतात. म्हणजे स्नायूला शिकायला काही मिळतच नाही. दुसरं, दांडी घट्ट धरून चालतात. वजन हातांवर जातं, स्क्रीनवर मिनिटं वाढतात, रस्त्यावरचं अंतर मात्र तेवढंच. दांडीवर तोल सांभाळण्यापुरती बोटं पुरेत.

सहा महिन्यांनी अंतर वाढलं तरी एबीआय बहुधा जागच्या जागी असतो. घाबरू नये. धमनी मोकळी झालेली नसते, स्नायू मिळेल तेवढा ऑक्सिजन नीट वापरायला लागलेला असतो. व्यायाम सोडला की कमाई ओसरते.

कॅप्सूलना माझ्याकडून पाचपैकी एक तारा, तोही सढळ हाताने. जिंको या झाडाच्या अर्काने अंतरात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, शिवाय रक्त पातळ करणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्तस्रावाची काळजी. एल-आर्जिनिन हे अमिनो आम्ल रोज ३ ग्रॅम, सहा महिने, अशी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी नुसती, औषधाविना साखरगोळी दिलेल्यांचं अंतर जास्त वाढलं! व्यायाम आणि बाटली एकदम सुरू केली की श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

औषधच हवं तर डॉक्टरांना सिलोस्टॅझॉलबद्दल विचारा: १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दोन तासांनी. डोकं दुखतं, धडधडतं. हार्ट फेल्युअर असेल तर अजिबात नाही. सिगारेट चालू ठेवून यातलं काहीच करू नये.

रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर ट्रेडमिल बंद आणि व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन गाठा. पाय अचानक थंड, पांढरा पडला तर त्याच तासाला.