योनीमुखावरच्या कर्करोगपूर्व पेशी : कापून काढायच्या, लेझर करायचं की क्रीम लावायची?

बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘एचएसआयएल’ किंवा ‘व्हीआयएन’ (दोन्ही या कर्करोगपूर्व पेशींचीच नावं) आलं की डॉक्टर बहुधा तीन पर्याय सांगतात. त्या पेशींचा चट्टा कापून काढणं, कार्बन डायऑक्साइड लेझरने जाळणं किंवा इमिक्विमॉड या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाची क्रीम. रिपोर्टात ‘डिफरन्शिएटेड’ शब्द असेल तर निवडीला वाव नाही. तो प्रकार बहुतेकदा लायकेन स्क्लेरोसस (त्वचा पांढरी, पातळ करणारा जुनाट आजार) झालेल्या त्वचेवर येतो, कर्करोगाकडे लवकर वळतो आणि कापूनच काढतात. पुढचं सगळं एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या नेहमीच्या प्रकाराबद्दल.

क्रीमला कमी लेखू नये. ऑस्ट्रियातली जी चाचणी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, तिच्यात क्रीमने ८० टक्के आणि शस्त्रक्रियेने ७९ टक्के स्त्रियांचे चट्टे पूर्ण गेले. पण चार ते सहा महिने चिकाटी लागते. आठवड्यातून एकदापासून सुरुवात करून हळूहळू तीनदा, रात्री पातळ थर, सकाळी धुवून टाकायचा. त्वचा लाल होऊन सोलते, कधी तापासारखं अंग मोडून येतं, आणि इथेच अनेक जणी सोडून देतात. खरं तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस थांबावं आणि कमी वेळा लावत पुन्हा सुरू करावी.

लेझरचा मोठा गुण म्हणजे आकार टिकतो. चट्टे क्लिटोरिसजवळ किंवा बऱ्याच ठिकाणी विखुरलेले असतील तर मीही आधी त्याचाच विचार करा म्हणेन. टाके नसतात, म्हणून सोपं वाटतं. पण ती भाजल्याची जखम असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग वाढते आणि त्वचा भरायला तीन-चार आठवडे लागतात. योनीमुखाचे समोरासमोरचे दोन्ही ओठ सोललेले असतील तर ते एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून रोज धुताना बोटांनी हलकेच वेगळे करून व्हॅसलीन लावावं लागतं.

माझ्यासाठी निकाल लागला तो मात्र रिपोर्टवर. लेझरमध्ये चट्टा वाफ होऊन जातो, तपासायला काही उरत नाही. आधीची पंच बायॉप्सी, म्हणजे तपासायला काढलेला छोटा गोल तुकडा, चार मिलिमीटरची. तिच्या शेजारी काय होतं, हे कोण सांगणार? कापून काढलेल्या काही चट्ट्यांत आत शिरू लागलेला कर्करोग सापडतो, जो बायॉप्सीत दिसलेला नसतो. केसाळ भागात या पेशी केसांच्या मुळांलगत खाली उतरतात. तिथे लेझर सुमारे तीन मिलिमीटर खोल जावा लागतो, आणि तो तेवढा गेला की नाही हे नंतर तपासता येत नाही. ही टांगती शंका मला सोसवली नसती, म्हणून मी कापून काढणं निवडलं. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर निरोगी त्वचेची कड घेतात. सर्जनना आधीच विचारा, तुकड्याला घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे वरच्या टोकाला, खुणेचा धागा लावणार ना? नाहीतर ‘कड बाधित’ (कडेपर्यंत त्या पेशी आहेत) एवढंच कळतं, कुठली ते कळत नाही.

शस्त्रक्रियेची तयारी सोपी आहे. तिथले केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद न करता आधी सांगा. सिगारेट सोडाच, आणि मिश्रीही. निकोटिनने जखम भरायला उशीर होतो. इसबगोल किंवा लॅक्टुलोज आणून ठेवा, कारण कुंथलं की टाक्यांवर ताण येतो.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त त्रास लघवीचा. पाणी भरपूर प्या म्हणजे लघवी पातळ होते, आणि करताना वरून कोमट पाणी ओतत राहा. जेट स्प्रेचा जोर जखमेवर नको. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं काही आठवडे टाळा, कमोड वापरा. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसा. डेटॉल, साबण काही नको. नंतर टिपून कोरडं करा. अंतर्वस्त्राशिवाय सैल गाऊन सोयीचा. पॅरासिटामॉल दुखायला लागण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्या.

पहिल्या दहा-बारा दिवसांत टाके मध्येच उसवू शकतात. जखम थोडी उघडली तरी बहुधा आतून भरत येते, पुन्हा शिवत नाहीत. फिकट पिवळा थर चालतो. दुर्गंधी, पू, वाढती लाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. स्कूटर आणि शरीरसंबंध चार ते सहा आठवडे नाही.

कुठलाही पर्याय घेतला तरी साधारण तिघींपैकी एकीला हे पुन्हा होतं, कडा मोकळ्या आल्या तरीही. सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी, मग दरवर्षी. गर्भाशयमुखाची चाचणीही त्याच वेळी करून घ्या. विषाणू तोच असतो.