४८ अंड्यांचं उबवणी यंत्र : नऊ महिने वापरल्यावर

जुलैत, अंडी ठेवल्याच्या सोळाव्या रात्री यंत्राचा कंट्रोलर, म्हणजे आतली ऊब सांभाळणारा बोर्ड, बंद पडला. तेव्हाच ठरवलं, की जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहायचं.

मुळशीत, पौडच्या पुढे आमची २० गुंठे जागा आहे. १४ गावरान कोंबड्या, २ कोंबडे. फेब्रुवारीत साडेसहा हजारांना हे फिरत्या ट्रेचं यंत्र आणलं. बाकी माहिती खोक्यावर असते ती.

पहिली खेप वाईट गेली. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, एकाही अंड्याला पिल्लाने आतून टोचा मारलेला नाही. तेविसाव्या दिवशी १९ पिल्लं निघाली, त्यातली ३ पायांनी अधू. पडद्यावर तर ३७.७ दिसत होतं. शेवटी तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून पाहिला : ९८.२ फॅरनहाइट. म्हणजे आत जवळजवळ एक अंश सेल्सिअस कमी. ऊब कमी पडली की पिल्लं उशिरा निघतात आणि अशक्त निघतात. सेटिंगमध्ये हा फरक भरता येतो. तो भरल्यावर दुसऱ्या खेपेत ३३ पिल्लं, आणि बरोबर एकविसाव्या दिवशी. यंत्र आणलं की आधी रिकामं चोवीस तास चालवा, स्वतः मोजा, मगच अंडी ठेवा.

आता ट्रे. माझा सगळा राग या ट्रेवर आहे. खाचे पोल्ट्रीच्या ५५-६० ग्रॅमच्या अंड्याच्या मापाचे आणि आमचं गावरान अंडं ४० ग्रॅमच्या आसपास. ट्रे कलला की अंडं आत हलतं, हळूहळू आडवं होतं, काही तर निमुळतं टोक वर करून बसतात. हवेची पोकळी असते जाड टोकाला. अंडं उलटं राहिलं तर पिल्लाचं डोकं बऱ्याचदा निमुळत्या टोकाकडे जातं आणि पहिला श्वास घ्यायला त्याला हवाच मिळत नाही. दुसऱ्या खेपेतली न फुटलेली अंडी मी उघडून पाहिली. ६ पिल्लं पूर्ण वाढलेली होती आणि सहाहींची डोकी चुकीच्या टोकाला. ते बघून फार वाईट वाटलं. कंपनीला तीनदा कळवलं, की गावरानसाठी लहान खाच्यांचा ट्रे द्या, पैसे वेगळे घ्या. उत्तर नाही. आता प्रत्येक अंड्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळते. अर्धा तास जातो, पण अंडं हलत नाही.

आत ओलावा राहावा म्हणून यंत्रात पाणी घालतात, त्याचं एवढंच, की मार्चमध्ये रोज घालावं लागतं, मुळशीच्या पावसात तीन दिवसांनी घातलं तरी पुरतं.

तर ती रात्र. पंख्याचा आवाज थांबला म्हणून जाग आली. आत ३७ जिवंत अंडी. योगायोगाने दोन कोंबड्या खुडूक होत्या, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसलेल्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अंधारातच सरकव गं, उजाडलं की टोचतील." दोघींखाली बारा-बारा ठेवली, उरलेली १३ थर्माकोलच्या खोक्यात ४० वॉटच्या बल्बखाली. सकाळी दुकानात फोन केला तर, "ताई, बोर्ड वॉरंटीत येत नाही, यंत्र कुरिअरने पाठवा, आठ दिवस लागतील." आठ दिवस! मी खूप भांडले. उपयोग शून्य.

कोंबड्यांखालच्या २४ पैकी २१ फुटली. खोक्यातली ३.

तोवर मी सगळ्यांना हेच यंत्र घ्या म्हणून सांगत होते. आता सांगताना थांबते. पण कोंबडी बसेल ती तिच्या मर्जीने, आणि पिल्लं सांभाळण्यात दोन-अडीच महिने अंडी बंद. त्यामुळे यंत्र विकणार नाही.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून १८० रुपयांचं थर्मोस्टॅट कार्ड आणलं, पौडच्या वायरमनने अर्ध्या तासात बसवलं. १८० रुपयांच्या कामासाठी आठ दिवस मागत होते. सप्टेंबरच्या खेपेत ३६ पिल्लं निघाली. गुरुवारी लाईट जाते, त्यासाठी इन्व्हर्टर जोडलाय. तो नसेल तर हे यंत्र घेऊच नका.

पाचव्या खेपेचा आज बारावा दिवस. एक कोंबडी पुन्हा खुडूक झालीये. एरवी चार दिवस डालग्याखाली कोंडून तिची खुडूक मोडली असती. या वेळी चार अंडी देऊन बसू दिलंय.